लोणी ड्रायव्हर आणि हिरवी डॅटसन

दाताच्या डॉक्टरांनी आपला तोंडात घालायचा छोटा आरसा गाडीच्या पोटाखाली सरकवला आणि म्हणाले, "वाका. नीट वाका. दिसली का कुठे कीड?"

लोणी आधी गुडघ्यांवर बसला, मग कोपरांवर आला, आणि शेवटी त्याने गॅरेजच्या फरशीला गालच टेकवला. आरशात गाडीच्या खालच्या पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा दिसत होता. काळा, कोरडा, कुठे गंजाचा फुगवटा नाही, कुठे पापुद्रा नाही. डॉक्टर आरसा बोटभर पुढे सरकवत होते आणि लोणी गालाने फरशी पुसत मागोमाग सरकत होता.

"नाही दिसली."

"काय?"

"नाही म्हणतोय! कीड नाही!"

"नसणारच. अठ्ठेचाळीस वर्षं घासतोय. माणसं दिवसातून दोनदा स्वतःचे दात घासत नाहीत." डॉक्टरांनी आरसा रुमालाने पुसून खिशात ठेवला. "उठा आता. हाडं मोडायच्या आत उठा."

मंगळवार होता, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढच्या दोन तासांत लोण्याला ही गाडी मिळणार होती किंवा कायमची हातची जाणार होती. मधला रस्ता नव्हता. डॉक्टरांची मुलगी शनिवारी त्यांना आपल्याकडे, दुसऱ्या गावी घेऊन जाणार होती. घर विकलं गेलं होतं, व्हरांड्यात खोक्यांची रांग लागली होती. उद्या नऊ वाजता एक श्रीमंत संग्राहक येणार होता. त्याच्याकडे काचेचा दिवाणखाना होता आणि त्यात अकरा गाड्या उभ्या होत्या, एकही कधी न हलणारी. डॉक्टरांना तो माणूस मनातून आवडला नव्हता. पण त्याआधी येऊन गेलेले सतरा जण त्यांना त्याहूनही आवडले नव्हते. एकाला इंजिन बदलायचं होतं. एकाला फोटो काढून घेण्यासाठी भाड्याने द्यायची होती. एकाने तर आल्या आल्या टायरला लाथ घातली. "दात उपटल्यासारखा उपटून बाहेर काढला त्याला," डॉक्टर सांगत, "तोही भूल न देता."

लोणी अठरावा, संग्राहकाच्या आधीचा शेवटचा. अट सगळ्यांना सारखीच होती. घेणाऱ्याने डॉक्टरांना शेजारी बसवून घाट चढायचा, उतरायचा, परत आणायचं. मग हो की नाही, ते डॉक्टर सांगणार. त्याआधी पैशांवर बोलणं सुरूच होत नव्हतं.

लोणी हे काही त्याचं नाव नव्हे. मोठ्या रुग्णालयाच्या अँब्युलन्सवर त्याने एकतीस वर्षं काढली आणि हे नाव एका बाईने दिलेलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, तिला त्याने बेचाळीस किलोमीटर आणलं. उतरवताना ती म्हणाली, "लोण्यावरून घसरत आल्यासारखं वाटलं हो." वॉर्डबॉयने ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या रुग्णालयाच्या तोंडी झालं. बायको तेव्हा तिथल्याच चादरींच्या खोलीत कामाला होती. ती म्हणे, "सगळ्या जगाचं लोणी. मला मात्र एकतीस वर्षांत कधी लावलं नाही."

त्याचं ते हळुवार चालवणं आपोआप आलेलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याला घेऊन येत होता. समोर कुत्रं आलं, त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे तो माणूस एकदा ओरडला. त्यानंतर ओरडला नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका आधीच गेलेला होता, तुझा दोष नाही; कागदावरही तसंच लिहिलं. लोण्याने मान डोलावली. पुढच्या रविवारी त्याने सोबतच्या ड्रायव्हरला बोलावलं, स्वतः स्ट्रेचरवर आडवा झाला, पट्टे आवळून घेतले आणि म्हणाला, "चल, सगळ्या रस्त्यांनी फिरव मला." सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो छताकडे बघत पडून राहिला. कुठला खड्डा माणसाला कुठे लागतो ते त्याने अंगावर लिहून घेतलं. मग रस्त्यांना त्याची स्वतःची नावं पडली. बाजाराजवळचा बरगडीचा खड्डा, शाळेपुढचा मानेचा उंचवटा, पुलाआधीचं ओकारीचं वळण. नव्या ड्रायव्हरांनाही तो आधी आडवं करायचा. "ज्याला आडवं नेता येत नाही, त्याला नेताच येत नाही," असं सांगायचा.

आणि अशा माणसाचं मन बसलं ते या गाडीवर. बावीस वर्षांपूर्वी रिकामी अँब्युलन्स घेऊन घाट उतरताना मागून एक गर्द हिरवं काहीतरी आलं. लांब नाक, दोन दारं, मागे निमुळती होत गेलेली पाठ, आणि सगळी मिळून त्याच्या खिडकीच्या खाली मावेल एवढी उंची. ती शेजारून निघून गेली आणि सहा सिलिंडरांचा तो एकसंध, ताणलेला सूर वळणापलीकडून नंतर किती तरी वेळ येत राहिला. लोण्याने अँब्युलन्स कडेला घेतली आणि तो संपेपर्यंत ऐकला. पुढे चौकशी केली. जपानची डॅटसन, दोनशेचाळीस झेड, एकोणीसशे बहात्तरची, दाताच्या डॉक्टरांची. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तो धडधाकट दात साफ करून घ्यायला जाऊ लागला, कारण दवाखान्याच्या खिडकीतून गॅरेजचं दार दिसायचं. डॉक्टरांना कळत होतं. ते मुद्दाम खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवायचे.

निवृत्त झाल्यावर त्याने बायकोला विचारलं. तिला वाटलं होतं, याला उशीरच झाला विचारायला.

"घ्या," ती म्हणाली. "एकतीस वर्षं लोकांना आडवं नेलंत. आता कुणाला तरी बसवून न्या. पण पळवणार कोण ती? तुम्ही?"

आता ती व्हरांड्यात 'काच, सांभाळून' लिहिलेल्या खोक्याशेजारी वेताच्या मोढ्यावर बसली होती आणि ओढणी सारखी करत इकडेच बघत होती. लोण्याने तिच्याकडे पाहिलं नाही. 

डॉक्टर डावीकडे बसले. कानातलं यंत्र काढून त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं. पंचेचाळीस वर्षं ड्रिल कानाशी घेऊन काम केलं, त्याने कानांचा निकाल लावला होता. यंत्र घातलं तर गाडीत नुसता खरखराट होतो, म्हणून गाडीत ते कधी घालत नसत. "मला काही सांगू नका, विचारू नका," त्यांनी बजावलं. "बोलायचं ते वर गेल्यावर. काचा बंद. चोक ओढा, दोन सीटांच्या मध्ये आहे. आता फिरवा किल्ली."

लोणी सीटवर टेकला आणि दचकला. सीट जवळजवळ जमिनीला लागलेली, पाय पुढे लांब पसरलेले. अरे, ही तर स्ट्रेचरवरच बसवते माणसाला! किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि लागलं. स्टीअरिंगच्या बारीक लाकडी चाकातून, गिअरच्या दांड्यातून, पाठीच्या कण्यातून ती थरथर त्याच्या अंगात आली. त्याने गाडी फाटकातून इतक्या अलगद बाहेर काढली, की वाळूचा खडासुद्धा टायरखाली वाजला नाही.

तिथेच चुकलं.

घाट नऊ किलोमीटरचा. लोण्याला त्यातलं प्रत्येक वळण शरीरावर पाठ. तो वळणाआधी गाडी हळू करायचा, वळणात ती नुसती घरंगळू द्यायचा, वळणानंतर हलकेच उचलायचा. समोर दोन मोठी घड्याळं होती, एक वेगाचं, एक इंजिनाच्या फेऱ्यांचं. फेऱ्यांचा काटा अडीच हजारांवर गेला, की त्याचा हात आपोआप वरचा गिअर टाकत होता. घाटाच्या मध्यावर इंजिन जड वाटायला लागलं, घशात कफ अडकल्यासारखं.  त्याला कळत होतं. गाडी मागत होती आणि तो देत नव्हता. पाऊल खाली दाबायचं, एवढंच तर होतं. पण उजवं पाऊल त्याचं नव्हतंच जणू. एकतीस वर्षं ते मागच्या माणसाचं होतं. मागे कुणी नाही हे डोक्याला पटलं होतं, पावलाला कोण पटवणार?

वाटेत कॅन उतरवत जाणाऱ्या एका दुधाच्या टेम्पोने त्याला दोनदा ओलांडलं. दुसऱ्यांदा टेम्पोवाल्याने हात करून जणू 'चालू द्या' म्हटलं.

वर पोहोचल्यावर डॉक्टरांनी खूण केली. गाडी कडेला थांबली. त्यांनी यंत्र कानात घातलं, ते शिट्टी मारून बसलं. मग ते बोलले, आणि आता अहोजाहो गळून पडलं होतं.

"प्रेत घेऊन चालला होतास का?"

लोण्याने हँडब्रेक ओढला.

"नाही, मला सांग. मला शंका आली, मीच मेलोय की काय. हिला दोन कार्ब्युरेटर आहेत. चार हजारांच्या वर गेल्याशिवाय ही श्वास घेत नाही. तू अडीच हजारांवर तिचा गळा आवळतोस. अशी महिनाभर चालवलीस तर प्लग काळे होतील, दोन महिन्यांत ती धूर ओकेल, आणि मग तू म्हणशील, जुनी झाली. त्या काचेच्या दिवाणखान्यात निदान गुदमरून तरी मरणार नाही."

"सवय आहे साहेब. सुटेल."

"एकसष्टाव्या वर्षी? माझ्याकडे साठीचे लोक यायचे, नखं खाणं सुटत नाही म्हणायचे. ती सवय त्यांच्याबरोबरच गेली." डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली. बंद काचांच्या आत भट्टी झाली होती. "पलीकडच्या बाजूने उतार. खाली पुलापर्यंत सहा किलोमीटर, मग तिठ्यापर्यंत सरळ रस्ता. तिठ्यावरून डावीकडे माझं घर. तेवढ्यात काय दाखवायचं ते दाखव. नाहीतर मी घरी जाऊन त्याला फोन करतो, उद्या नऊऐवजी आजच ये म्हणून."

यंत्र पुन्हा खिशात गेलं.

लोण्याने गाडी उतारावर घातली. पहिल्या वळणाला त्याने ठरवलं, आता. पाऊल हललं नाही. दुसऱ्याला ठरवलं. काटा तीन हजारांवर गेला आणि त्याने घाबरून सोडून दिलं. तिसरं, चौथं. दरीकडच्या दगडी कठड्याच्या सावल्या एकेक करून मागे जात होत्या आणि त्यांच्याबरोबर त्याची संधी. आपण बावीस वर्षं दुसऱ्याच्या बायकोकडे बघावं तसं हिच्याकडे बघत आलो, त्याला वाटलं, आणि आता हातात हात दिला तर आपल्याला बोलता येत नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणी आलं.

सातव्या वळणाला त्याची नजर सवयीने शेजारी गेली. एकतीस वर्षांची सवय, दर अर्ध्या मिनिटाला आरशातून पेशंट बघायची.

डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते. कपाळावर घामाचे थेंब, नाकाच्या शेंड्यावरून एक ओघळत होता. जबडा इतका आवळलेला, की गालाचं हाड वर आलं होतं. आणि उजवा हात छातीवर डाव्या बाजूला घट्ट दाबून धरलेला.

 वय अठ्ठ्याहत्तर. छाती, जबडा, घाम. याहून वेगळी चित्रं पुस्तकात नसतात.

"साहेब?"

ऐकू येत नव्हतं, ते ठीक. त्याने डाव्या हाताने त्यांचा गुडघा हलवला. डॉक्टरांनी डोळे न उघडता मान नुसती इकडून तिकडे फिरवली आणि ओठ आणखी आवळले. असं त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. ओरडणारा माणूस पोहोचतो. गप्प राहणारा राहतो वाटेतच.

मग लोण्याने काही ठरवलं नाही. पाऊल खाली गेलं.

गाडीचं नाक किंचित उचललं गेलं आणि मागून कुणी तरी खांद्यांना धरून ढकलल्यासारखी ती सुटली. काटा चार हजारांवर गेला आणि आवाजच पालटला. घशातला कफ निघाला, सहाही सिलिंडर एका सुरात आले आणि तो सूर चढत गेला, चढतच गेला. आठवं वळण. त्याने ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, एकदाच पण खोल दाबला. तिसरा टाकला, आत शिरला आणि मध्यावरच पुन्हा पाऊल दिलं. गाडी रस्त्याला चिकटून फिरली. पेशंटचं डोकं हललं नाही. डोकं हलता कामा नये! नववं, दहावं. वळण कुठे सुरू होतं, कुठे कंबरेला लागतं, कुठे मानेला, हे सगळं त्याला ठाऊक होतं. आजवर ते सांभाळून हळू जायला वापरलं, आता तेच सांभाळून तो उडत होता.

पुलाच्या अलीकडे समोर ट्रक आडवा आला. स्वतःच्या बाजूने मंद चाललेल्या ट्रॅक्टरला ओलांडायला तो पूर्ण या बाजूला आलेला. ब्रेक करकचून दाबावा तर शेजारचा माणूस पट्ट्यात आपटणार, आणि फुटू पाहणाऱ्या हृदयाला तो धक्का पुरे होता. कडेला कठडा. ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये जेवढी फट होती तेवढीच गाडी रुंद होती, कदाचित हातभर कमी. लोण्याने एक गिअर खाली घेतला आणि पाऊल फरशीपर्यंत नेलं. काटा लाल पट्टीच्या तोंडाशी जाऊन थरथरला. हिरवं नाक फटीत शिरलं. ट्रकचं चाक खिडकीशेजारून गेलं, त्याच्या डोक्याच्याही वर. मग पूल, मग उजेड.

सरळ रस्त्यावर काय वेग होता, ते त्याने पाहिलं नाही. तिठा आला. डावीकडे डॉक्टरांचं घर होतं. लोणी उजवीकडे वळला.

रुग्णालयाच्या फाटकात त्याने दोनदा आखूड हॉर्न दिला, 'गंभीर आहे' असं सांगायची ती जुनी खूण. पोर्चसमोर गाडी अर्धवर्तुळात फिरवली आणि पाठ स्ट्रेचरच्या उताराला लावून सरळ रेषेत मागे घेतली, अँब्युलन्स लावतात तशी. हात आपलं काम करत होते. या गाडीला मागून पेशंट काढायचं दारच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले होते आणि काचेतून मागच्या सामानाच्या जागेत पेशंट शोधत होते.

"पुढे! पुढे बसलेत! हार्टचा आहे!"

दार उघडलं गेलं. चार हात आत आले. डॉक्टरांनी डोळे उघडले, समोर स्ट्रेचर पाहिलं, वर लावलेली लाल पाटी पाहिली, आणि असे भडकले, की म्हणता सोय नाही.

"हात काढ! कॉलर सोड माझी! कोण रे तू? मी काय मेलोय?"

"आजोबा, बोलू नका, ताण येतो."

"आजोबा कुणाला म्हणतोस? तुझी दाढ किडलीय, इथून दिसतेय मला!"

पण गाडी जमिनीलगत, माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एकदा बाहेर ओढल्यावर पुन्हा आत शिरणं त्यांच्या हातात नव्हतं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी एकदा हिरव्या गाडीकडे, एकदा लोण्याकडे पाहिलं.

"लोणी? अरे, तुला निरोप देऊन चार महिने झाले ना? हार घातला होता आम्ही!"

"सिस्टर, छाती धरून बसले होते. जबडा आवळलेला. घाम."

मग मात्र सिस्टरांनी कुणाचंच ऐकलं नाही. डॉक्टर पडद्याआड गेले, छातीला वायरी लागल्या, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी निघाली. लोणी बाहेरच्या बाकावर बसला.  इतकी वर्षं पेशंट आत गेला, की त्याचं काम संपायचं आणि तो चहाला जायचा. आज त्याला बाकावरून उठवेना. आणि का, ते त्याला समजत होतं. त्यामुळेच तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

वीस मिनिटांनी तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काही नाहीये. पट्टी अगदी स्वच्छ आहे. माझ्यापेक्षा चांगली. आत बोलावतायत तुम्हाला. जरा जपून जा."

डॉक्टर उघड्या छातीने खाटेवर बसले होते, कानात यंत्र, अंगावर वायरींच्या चिकटपट्ट्या.

"बस," ते म्हणाले. "मी दातांनी ऐकतो. समजलं? कान गेले. दाढा आवळल्या, की इंजिन जबड्यातून वर येतं, आणि डोळे मिटले की नीट कळतं. आणि छाती नाही, खिसा धरला होता. कानाचं यंत्र आहे त्यात, वळणात उडून गेलं असतं. भट्टीत बसवलं तर घाम येणारच. तुला वाटलं, मी मरतोय."

"हो."

"म्हणून पळवलीस."

"हो."

"दहाव्या वळणाला तिसरा सहा हजारांच्या वर सोडलास. पुलाशी लाल पट्टीला नेलीस. अठ्ठेचाळीस वर्षांत मी पाच वेळा नेली असेन." त्यांचा आवाज खाली आला. "इतकी सुंदर ती कधी वाजली नव्हती."

लोण्याने मान वर केली.

"पण मी तुला गाडी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "चांगला माणूस आहेस. पण तू तिला पळवतोस ती कुणी मरत असेल तरच. शनिवारी मी जाणार. मग रोज तुझ्या शेजारी मरायला कोण बसणार? बायको? सोमवारपासून पुन्हा अडीच हजार. नाही. फोन कुठे आहे इथे?"

ते खाटेवरून पाय खाली सोडून चपला शोधू लागले. पलीकडच्या पडद्यामागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. लोणी उठला नाही. बोलावं तर तोंडाला काळं फासून घेण्यासारखं होतं, आणि न बोलावं तर दोन मिनिटांत सगळं संपणार होतं.

"साहेब, एक सांगायचंय."

"मोठ्याने."

"मोठ्याने नाही सांगता येणार."

डॉक्टरांनी यंत्राची चकती फिरवली आणि कान पुढे केला.

"तुम्ही मरताय, अशी माझी खात्री होती," लोणी म्हणाला. "नवव्या वळणापर्यंत मी घाबरलेलो होतो. दहाव्याला तिने वळण घेतलं ना... तेव्हा मी तुम्हाला विसरलो. पुलाशी ट्रक आला तेव्हा मनात आलं, हे आत्ता संपू नये. शेजारी माणूस जातोय आणि मला मजा येत होती. एकतीस वर्षांत कधी असं झालं नाही. मी लोकांना आणलं, कधी... पोर्चमध्ये शिरताना वाटलं, एवढ्यातच आलं का? तुम्ही खरंच गेला असतात तर मी हे कुणाला सांगितलं नसतं. बायकोलाही नाही."

 डॉक्टरांनी एकेक करून छातीवरच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा वाकडा होत होता. शर्टाची बटणं लावली, वरून खाली, एकही न चुकवता.

"निर्लज्ज," ते म्हणाले.

"हो."

"चल. घरापर्यंत ने. मी ठणठणीत आहे, सरकारी पट्टी आहे माझ्याजवळ. आज कुणी मरत नाहीये. बघू, पाऊल काय म्हणतं तुझं."

मोठ्या सिस्टर पोर्चमध्ये कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत लोणी नेहमीसारखा गेला. कोपऱ्यावर रस्ता मोकळा झाला. डॉक्टरांनी दाढा आवळल्या, पण डोळे मिटले नाहीत. ते समोर नाही, लोण्याच्या उजव्या पायाकडे बघत होते. ते पाऊल तिथेच होतं, हलकं, जुनं, सभ्य. लोण्याला ऐकू येत होतं ते फक्त स्वतःचं रक्त. मागे कुणी नाही. शेजारी कुणी मरत नाही. कुठे पोहोचायचं नाही, घाई नाही, कारण नाही. कारण नसताना माणूस काय करतो?

त्याने पाऊल दाबलं. चार हजार. तिने श्वास घेतला. पाच. रस्त्याकडेची झाडं एकमेकांत मिसळली. पावणेसहाला त्याने चौथा टाकला आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की कसला, ते त्याला कळलं नाही. डॉक्टरांना तर ऐकूच आला नाही. त्यांनी पायावरची नजर काढून घेतली आणि खिडकीबाहेर बघू लागले.

घराच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा एक वाजायला आला होता. लोण्याची बायको खोक्यांमधून धावत पायरीपर्यंत आली. "अहो, काय झालं? दोन तासांचं सांगून गेलात..."

इंजिन चालू होतं. डॉक्टर उतरले नाहीत. त्यांनी दारावरून हात फिरवला, मग समोरच्या काळ्या फळीवरून, तीन छोट्या घड्याळांवरून. लोणी उतरला, वळसा घालून त्यांच्या बाजूला आला, खाली वाकला. "माझ्या मानेला धरा," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी. भार माझ्यावर टाका. घाई नाही."

डॉक्टरांनी त्याच्या मानेला मिठी घातली. त्याने त्यांना उचललं, एक पाय, मग दुसरा, आणि डोकं छताला न लावता बाहेर उभं केलं. कुठे हिसका बसला नाही. क्षणभर ते तसेच धरून राहिले.

मग त्यांनी शर्ट खाली ओढला, किल्लीकडे न बघता पायऱ्या चढू लागले, आणि लोण्याच्या बायकोच्या शेजारून जाताना म्हणाले, "जा बाई, बसा. कागद संध्याकाळी करू. फक्त दार आपटू नका, अलगद लावलं की आपोआप बसतं."